टिकलीखालची जागा

माझ्या बायकोच्या टिकल्या कपाळावर फक्त कामापुरत्या येतात. एरवी त्यांचा मुक्काम न्हाणीघरातल्या आरशावर असतो. झोपण्याआधी तोंड धुताना ती टिकली काढून आरशाला चिकटवते आणि सकाळी तीच उचलून पुन्हा लावते, गोंद पार सुकेपर्यंत. त्यामुळे दाढी करताना माझ्या प्रतिबिंबाच्या भुवयांमध्ये रोज एक मरून टिकली येऊन बसते, आणि खोटं कशाला बोलू, मला ती शोभते. कधी कधी ती टॉवेललाही चिकटून राहते, आणि एकदा घाईत मी बायकोच्या टॉवेलने डोकं पुसलं आणि तसाच बँकेत गेलो. काउंटरवरच्या कन्नड बाईंनी माझ्या टकलाकडे बराच वेळ भक्तिभावाने पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "सर, स्वल्प डोक्यावरून हात फिरवा."

अशी ही लग्नापासून इमानाने सेवा करणारी टिकली गेल्या उन्हाळ्यात उलटली. आधी खाज आली. टिकली हलू नये म्हणून बायको तिच्या कडेकडेने करंगळीच्या नखाने खाजवायची. मग लाली आली, मग खपली धरली. त्यावर खोबरेल तेल झालं, सोसायटीच्या बागेतली कोरफड झाली, हळद झाली, आणि प्रत्येक उपचारानंतर वरून टिकली झालीच. गळ्यावरही पुरळ उठलं होतं. आमच्याकडे सोन्याचं मंगळसूत्र लॉकरमध्ये सुखरूप असतं आणि गळ्यात त्याचा नकली जुळा भाऊ. त्या भावाने घामाशी हातमिळवणी केली होती.

शेवटी आम्ही यशवंतपूरला आमच्या घराजवळच एका त्वचेच्या डॉक्टरकडे गेलो. या डॉक्टरांच्या बाहेरची बाकडी हे एक वेगळंच नाट्यगृह आहे. तिथे कुणी कुणाकडे बघत नाही आणि सगळे सगळ्यांचं सगळं बघतात. एका गृहस्थांनी भर उन्हाळ्यात मोजे घातले होते. नखांचं काहीतरी असणार, असं मी ठरवून टाकलं. टोपी घातलेला एक तरुण दर दोन मिनिटांनी टोपी उचलून आतल्या केसांची हजेरी घेत होता. मी माझं टक्कल ताठ ठेवून बसलो होतो. त्या खोलीत ज्याला काही लपवायचं नव्हतं असा मी एकटाच.

डॉक्टर आमच्या भाचीच्या वयाची, कन्नड मुलगी. तिने भिंग लावून कपाळ पाहिलं, गळा पाहिला आणि थंडपणे सांगितलं, "टिकली बंद. कुंकू बंद. नकली दागिने बंद. गळ्याची जखम भरेपर्यंत खरेही नकोत. केसांचा कलपही बंद."

"किती दिवस?" बायकोने विचारलं.

"काही महिने. हे बघा, मध्यभागी कातडी पांढरी व्हायला लागली आहे. टिकलीच्या गोंदाने होतं असं कधी कधी, कुंकवातल्या रंगानेही होतं. आत्ता थांबलात तर बहुतेक भरून येईल. चालू ठेवलंत तर डाग राहील."

बायको कन्नडमध्ये "सरी, डॉक्टर", म्हणजे बरं, एवढं म्हणाली आणि उठली. मी मात्र बसूनच होतो. कपाळ मोकळं, गळा मोकळा, केस पांढरे! त्या पोरीने एका चिठ्ठीत माझा कारभार आटोपला होता, आणि तोही मी समोर खुर्चीत बसलेला असताना.

याचे परिणाम लगेच दिसू लागले. देवळाबाहेरची फुलवाली वर्षानुवर्षं बायकोच्या परडीत देवाच्या फुलांबरोबर मोगऱ्याचा एक छोटा तुकडा तिच्या केसांसाठी टाकायची. त्या शुक्रवारी तिने फक्त देवाची शेवंती दिली, बायकोचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. बायकोला वाटलं, बाईला आज बरं वाटत नसेल. दोन दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या बाई मोठा डबा भरून बिसिबेळे भात घेऊन आल्या. "तुम्ही आज चूल पेटवू नका," एवढंच म्हणाल्या आणि डोळे पुसत गेल्या.

आता हे समजून घ्यायला हवं की माझा विजेच्या फिटिंगचा धंदा आहे आणि तेव्हा देवनहळ्ळीकडे एका नव्या लेआउटमध्ये काम चालू होतं. मी उजाडायच्या आधी निघायचो आणि अंधार पडल्यावर यायचो. बिल्डिंगमध्ये कित्येक दिवसांत मी कुणाला दिसलो नव्हतो. त्या रात्री घरी आल्यावर मी तो भात दोनदा मागून घेतला. वरून काजू घातले होते. माझ्या स्वतःच्या सुतकातलं जेवण मी बोटं चाटून संपवलं.

रविवारी डबा परत द्यायला मीच गेलो. दार उघडलं. बाईंनी मला पाहिलं, मग माझ्या पायांकडे पाहिलं, ते जमिनीला टेकलेले आहेत ना याची खात्री केली आणि तरीही किंचाळल्या.

"भात फार छान होता," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवसापासून बायको बाहेर निघाली की मी बरोबर. देवळात, भाजीला, दळणाला, लिफ्टमध्येसुद्धा. मी तिच्या शेजारी उभा राहून मुद्दाम मोठ्याने खोकायचो. फुलवालीने मला पाहिलं तेव्हा ती इतकी खूश झाली की मोगऱ्याचा तुकडा सोडून अख्खा हातभर गजरा तिने फुकट दिला आणि म्हणाली, "अण्णा, रोज या."

"अहो, किती मिरवता!" बायको म्हणायची.

"मिरवत नाही. हयातीचा दाखला देतो आहे."

ती हसायची, पण तिच्या मनात दुसरंच काहीतरी होतं. आमच्या भाचीचं लग्न जवळ आलं होतं. भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. चामराजपेटच्या जुन्या मराठी घरांत ताई हा शब्द कधी रुजलाच नाही. आमच्यात लग्नाआधी सवाष्णी जात्याला आंब्याची पानं बांधून हळकुंडं दळतात. याला घाणा म्हणतात. दळायला बसण्याआधी प्रत्येकीच्या कपाळाला हळदकुंकू लागतं आणि जात्याच्या खुंट्याला पहिला हात मुलीच्या मामीचा. म्हणजे माझ्या बायकोचा.

आम्हाला मुलगी नाही. भाची लहानपणी प्रत्येक सुट्टी आमच्याकडे काढायची आणि येताना शाळेतल्या उवा बरोबर आणायची. माझ्या बायकोने गॅलरीत बसून, तिची मान दोन गुडघ्यांत धरून, कितीतरी दुपारी त्या उवा वेचल्या आहेत. पोरगी रडायला लागली की ही म्हणायची, "रडू नकोस. तुझ्या लग्नात पहिला हात माझा आहे, तेव्हा डोकं स्वच्छ हवं." प्रत्येक उवेमागे हे वचन तिने एकदा तरी दिलेलं आहे. तो हात तिला हवा होता. आणि कपाळही हवं होतं.

अक्काला हे फोनवर सांगायची माझी छाती नव्हती. आम्ही चामराजपेटला गेलो. दाजींचं, म्हणजे अक्काच्या नवऱ्याचं, तिथे पूजेच्या सामानाचं वडिलोपार्जित दुकान आहे. खाली कापूर, उदबत्त्या, टिकल्यांची पाकिटं आणि त्यांचं घरचं खास कुंकू, वर घर. अक्काचं स्वतःचं कुंकू पेठेत प्रसिद्ध. भाची लहान असताना टिकली सोडून तिने ते धरलं तेव्हा ते मसुरीएवढं होतं. भाची शाळेत गेली तेव्हा वाटाण्याएवढं झालं. पुढे ते वाढत वाढत जुन्या रुपयाच्या नाण्याएवढं झालं, आणि आम्ही सगळे समजत होतो की तिची भक्ती वाढते आहे. लोक म्हणायचे, कुंकू असावं तर असं. दुकानाला वेगळ्या पाटीची गरजच नव्हती.

अक्का चकल्या तळत होती. मागच्या दाराशी आमची मावशी लसूण सोलत बसली होती. मावशी तरुणपणीच विधवा झाली आणि अक्काकडेच राहते. घरात कार्य निघालं की लसणाची टोपली आपोआप तिच्याकडे जाते आणि ती आपोआप मागच्या दाराशी जाते.

अक्काने झारा हातात तसाच धरून माझ्या बायकोचं कपाळ पाहिलं.

"हे काय सोंग?"

बायकोने सगळं सांगितलं. अक्काचा चेहरा तेलापेक्षा तापला. "कुंकवाने झालं? आमच्या कुंकवाने? अगं, अख्खी पेठ लावते ते! आजवर कुणाला पुटकुळी आली नाही. माझं कपाळ बघ. झालं मला काही?"

"वन्सं, डॉक्टर म्हणाल्या..."

"डॉक्टरीण म्हणाली! कालची पोर! हे बघ, घाण्याला मोकळ्या कपाळाने बसायचं नाही. नवऱ्याकडच्या बायका येणार आहेत. कुंकू लावणार असशील तर बस, नाहीतर माझी जाऊ बसेल पहिली."

"तिचे गुडघे कुठे वाकतात?" मावशी मागून म्हणाली.

"तू लसूण सोल."

एवढ्यात लाइट गेली आणि पंखा थांबला. अक्का पुन्हा कढईकडे वळली. घामाची एक धार तिच्या कपाळावरून उतरली आणि कुंकवाची एक कड घेऊन खाली आली. तिने पटकन पदर लावला आणि पाठ फिरवली. मला काहीच दिसलं नाही. बायकोला दिसलं.

परतीच्या रिक्षात तिने आधी आपलं कपाळ चाचपलं. मग म्हणाली, "अहो, वन्संच्या कुंकवाखाली पांढरं आहे. माझ्यासारखंच. पण माझं जोंधळ्याएवढं, त्यांचं केवढं तरी आहे."

मला ते मसूर, तो वाटाणा आणि ते नाणं आठवलं. भक्ती वाढत नव्हती. डाग वाढत होता आणि त्याच्या मागोमाग कुंकू.

"मग सांग ना तिला, डॉक्टरकडे चल म्हणून."

"त्या यायच्या नाहीत दाखवायला." आणि मग माझी ही साधी, सोज्ज्वळ बायको माझ्याकडे वळून अशी काही हसली की मला माझ्या पुढच्या आयुष्याची काळजी वाटली. "भांडायला येतील."

दुसऱ्या दिवशी तिने फोन लावला. "वन्सं, मला तर डॉक्टरांपुढे बोलता येत नाही. तुम्हीच येऊन सांगा त्यांना, आपलं कुंकू कसं चांगलं आहे ते. त्या म्हणाल्या चालेल, तर मी लावीन."

अक्का आली. काय ती एन्ट्री! जरीची साडी, हातात कुंकवाचा पितळी करंडा. बाहेरच्या बाकड्यावर टोपीवाला तरुण आजही होता. त्याने आदराने टोपी काढली आणि त्याबरोबर स्वतःचं गुपितही उघडं केलं. आत जाऊन अक्काने करंडा टेबलावर आपटला.

"हे आमचं कुंकू. याला नावं ठेवलीत ती तुम्हीच?"

डॉक्टरने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आजोबा-पणजोबा झाले, पेठेतले ग्राहक झाले, सणासुदीची गर्दी झाली. मग ती म्हणाली, "सरी, अम्मा. तुम्ही हेच लावता?"

"इतकी वर्षं!"

"मग जरा पुसून दाखवा. यांना पटेल की काही होत नाही."

अक्का थांबली. माझी बहीण बोलता बोलता थांबली आहे असा प्रसंग माझ्या आयुष्यात तोवर आला नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू बाहेर जा."

मी दारापर्यंत गेलो. तिथून पुढे पाय निघेना. माझं तोंड बाहेर होतं आणि कान आत होते, असं समजा.

कुंकू पुसणाऱ्या कापसाचा, तेलाचा आवाज येत नाही. मग अक्काचा आवाज आला, इतका बारीक की मला आधी वाटलं दुसरंच कुणी आत आहे. "कोड आहे ना?"

"कधीपासून आहे?"

"मुलगी लहान होती तेव्हापासून. सगळ्यांच्या आधी उठते, आंघोळ करते, लावते. तिच्या बाबांनासुद्धा माहीत नाही. घराण्यात कोड आहे म्हटलं की पोरीला कोण करून घेणार?"

"दुसरीकडे कुठे डाग? हातावर, ओठांवर?"

"नाही."

"आधी टिकली लावायचात का?"

"दुकानातलीच. डाग दिसला तेव्हा सोडली आणि कुंकू लावायला लागले. डाग वाढेल तसं मोठं."

डॉक्टरने दिवा लावून पाहिलं असावं, कारण एक खटका वाजला. मग ती म्हणाली, "इल्ला अम्मा. हे कोड दिसत नाही. यांना झालंय तेच आहे. टिकलीने सुरू झालं आणि तुम्ही वर लावत गेलात म्हणून पसरलं. मुलीशी याचा काही संबंध नाही. इतका जुना डाग पुरता भरेल असं मी सांगत नाही. पण आता काही लावू नका."

मी आत डोकावलो. अक्का पदराने डोळे पुसत होती आणि माझी बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला गहिवरून आलं. मी पुढे होणार एवढ्यात अक्काने पदर खाली घेतला. कपाळावरचा तो दुधासारखा गोल मला पहिल्यांदा दिसला, आणि त्याच्या खालचे डोळे पेटलेले होते.

"म्हणजे आपल्या दुकानानं केलं हे? त्या माणसाच्या टिकल्यांनी?"

बिचारे दाजी त्या क्षणी दुकानात कापूर मोजत असतील. त्यांना कल्पनाही नव्हती.

तरीही घाण्याच्या दिवशी अक्का काय करेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कोड नाही हे डॉक्टरला माहीत आणि आम्हाला माहीत. नवऱ्याकडच्या बायकांना कोण सांगणार? एक दिवस कुंकू लावलं तर सगळं झाकलं जात होतं. पण ती लावणार असेल तर माझ्या बायकोलाही लावावं लागणार होतं. यजमानीणबाईच्या कपाळावर नाणं आणि मामीचं कपाळ कोरं, हे चालण्यासारखं नव्हतं. सकाळी निघताना बायको आरशासमोर उभी राहिली. आरशावर जुनी टिकली होती. तिने ती नखाने उचलली, बोटावर घेतली, बघितली.

"अहो, एका दिवसाने काय होतं?"

मी दाढीचा ब्रश धुवायला घेतला. टिकलीच्या बाबतीत माझी अक्कल किती चालते ते बँकेच्या त्या काउंटरवर दिसलंच होतं. तिने टिकली पुन्हा आरशाला लावली आणि निघाली.

चामराजपेटला माडीवर जातं मांडलं होतं, त्याला आंब्याची पानं बांधली होती, भाची नव्या साडीत पाटावर बसली होती. नवऱ्याकडच्या बायका येऊन बसल्या होत्या. गुरुजी घड्याळ बघत होते. बायको जात्याजवळ उभी होती, बसलेली नव्हती. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं.

मग ते उघडलं आणि अक्का बाहेर आली. नाकात नथ, अंगावर शालू, हातभर हिरवा चुडा आणि कपाळावर काही म्हणजे काही नाही. फक्त तो पांढरा, वाटोळा, लखलखीत डाग.

दाजींच्या हातातला नारळ खाली पडला. "अगं, हे... हे कधी?"

"तुमच्या दुकानाची कृपा. मग सांगते." तिने सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. मग पाटावर बसलेल्या मुलीकडे वळून, पण ऐकू सगळ्यांना जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे कोड नाही. टिकलीने झालंय. डॉक्टरणीला फोन लावून खात्री करायची असेल त्यांनी करा. आज इथे कुणाच्या कपाळाला काही लागणार नाही. हळद दळायची आहे, कपाळं नाही. मामी, बस तू."

बायको बसली. तिने खुंट्याला हात घातला. भाची पाटावरून वाकली आणि मामीच्या कानात काहीतरी म्हणाली. दोघी फसकन हसल्या. उवांबद्दल असणार.

अक्का तिच्या समोर बसली. आणि तेव्हा मागच्या दारातून आवाज आला.

"मग मी पण बसते. आता कोण ओळखणार, कोण कोण आहे ते?"

मावशी. हातात लसणाची टोपली, कमरेला पदर खोचलेला. गुरुजींनी तोंड उघडलं. अक्काने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्यांनी ते मिटलं.

"ये," अक्का म्हणाली. "पण हात धुऊन ये. हळदीला लसणाचा वास नको."

जातं फिरायला लागलं. नवऱ्याकडच्या दोघीतिघी मात्र एकमेकींकडे बघत कुजबुजत होत्या. समोर मोकळ्या कपाळांच्या तीन बायका, त्यांतल्या कुणाचं काय, त्यांना कळेना. अक्काच्या कानावर ते गेलंच.

"अहो!" ती दाजींवर ओरडली. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि तू पण. दोघे इथे या. आमच्या मागे उभे राहा, सगळ्यांना दिसाल असे."

बायकांच्या कार्यात आम्ही दोघे पुरुष जात्यामागे जाऊन उभे राहिलो, पाठ ताठ, हात बाजूला. मी सवयीने मोठ्याने खोकलो. दाजींनी माझं पाहून खोकायचा प्रयत्न केला आणि त्यांना खरंच ठसका लागला.

"झालं समाधान?" अक्काने विहिणींना विचारलं. "दोघांचेही नवरे आहेत."

सगळ्यांच्या नजरा मग मावशीकडे गेल्या. तिने खुंटा न सोडता डोकं वर केलं.

"माझाही दाखवते," ती म्हणाली. "पण भिंतीवरून काढून आणावा लागेल."

पहिली विहीणबाईच हसली. मग सगळी माडी. जातं काही थांबलं नाही.

लग्नाच्या अल्बममध्ये तो फोटो आहे. तीन बायका दळताहेत, हसून हसून त्यांची तोंडं वाकडी झाली आहेत, आणि मागे दोन पुरुष जिवंत असल्यासारखे उभे आहेत. बघणारा प्रत्येक जण विचारतो, हे दोघे इथे काय करताहेत?